एकटीच्या हातचं

सदतीस कार्डं बांधून झाली होती. अडतिसावं हातातून निसटलं आणि फरशीवर पालथं पडलं, म्हणून त्याची मागची बाजू वाचली गेली. नाहीतर धाकटीनं सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस कार्डं मुकाट्यानं बांधली असती आणि दुसऱ्या दिवशी हस्तकलेच्या प्रदर्शनात ती मांडूनही आली असती. छापखान्यातून गठ्ठा सकाळी आला होता. कागद चांगला जाड आहे, भोक मधोमध पाडलंय, एवढं पाहून ती कामाला लागली होती. पुढच्या बाजूला पानाचं चित्र. मागे बारीक, तिरप्या अक्षरांत: 'हा दागिना एका स्त्रीने, एकटीने, आपल्या घराच्या खिडकीपाशी बसून, स्वतःच्या हातांनी घडवला आहे.' ती वाकली, कार्ड उचललं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि पुन्हा वाचलं. मग तिनं उजव्या बाजूच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी तिची होती.

खरोखरीच तिची. घर धाकटीचं, खिडकी धाकटीच्या घराची. ताईच्या घरी समोरची इमारत अंगावर आल्यासारखी, दिवसाही दिवा लावावा लागतो, म्हणून गेली नऊ वर्षं ताई रोज सकाळी दहाला इथे येते आणि चार वाजता जाते. आज मात्र उद्याच्या तयारीसाठी ती घरीच होती. खिडकीपाशी ताईचं टेबल, तिच्या तीन पकडी, तारेची रिळं, डोळे बारीक करून बघायचं भिंग. आणि बाकीची सगळी खोली, म्हणजे तीन भिंती, पलंगाखालची जागा, कपाटाचे चार कप्पे, हे धाकटीचं राज्य. ट्रे. प्रत्येक ट्रेला आकडा, ट्रेमधल्या प्रत्येक घराला अक्षर. कानातल्यांचे ट्रे निळ्या पट्टीचे, गळ्यातल्यांचे लाल पट्टीचे, ब्रोच पिवळे. एक जाड वही, लांबट, कापडी पुठ्ठ्याची. कोणता दागिना कधी झाला, कोणत्या प्रदर्शनाला गेला, तिथून परत आला की कोणाच्या अंगावर गेला, सगळं तिच्यात. दागिने काळे पडू नयेत म्हणून पाकिटात खडूचे तुकडे घालायचे, हुक वाकलेत का पाहायचं, जोडीतला एक हरवला तर दुसरा 'एकांडे' म्हणून वेगळ्या डबीत ठेवायचा. हे सगळं कोण करतं? 'एकटी' करते.

राग लगेच आला नाही. आधी तिला वाटलं की छापखानेवाल्याची चूक असेल. मग वाटलं, छापखानेवाल्याला खिडकी कशी माहीत? आणि तेव्हा राग आला. पायांतून चढत, गुडघ्यांपाशी थांबत, पन्नाशी उलटलेल्या बाईला जिना चढावा लागतो तसा दमानं आला आणि मग छातीत येऊन जो ठाण मांडून बसला तो उठेना. तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीला सकाळपासूनच्या दोऱ्याचा वळ उठला होता. कार्ड बांधायला दोरा बोटाभोवती एक वेढा घेऊन ओढावा लागतो, म्हणजे गाठ कार्डाच्या भोकापाशी नीट बसते. ही युक्तीही तिचीच. म्हणजे मी इथे नाही असं लिहिलेलं कार्ड मी माझ्या युक्तीनं, माझ्या दोऱ्यानं, माझ्या खिडकीपाशी बसून बांधायचं. वा.

आईच्या कपाटात एक फोटो होता, तो आता ताईकडे आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या स्पर्धेत ताईला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाचा. ताई चित्र धरून उभी आहे, दोन वेण्या, बक्षिसाचा पेला मुख्याध्यापकांच्या हातात, आणि फोटोच्या अगदी कडेला एक कोपर आहे. सावळं, टोकदार, एक खपली धरलेलं. ते धाकटीचं. त्या दिवशी सकाळी तिनं ताईच्या बारा पेन्सिलींना टोकं केली होती, रंगाचं पाणी तीन वेळा बदलून आणलं होतं, कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन तास त्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून बसली होती. घरी कोणी आलं की आई फोटो दाखवायची आणि म्हणायची, "ही आमची थोरली." पाहुणे विचारायचे, "आणि हे कोपर कुणाचं?" सगळे हसायचे. धाकटीही हसायची, तेव्हा तिला गंमत वाटायची. ओळीनं वस्तू लावत बसायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे, आणि मुंगीला कोणी फोटोत शोधत नाही. आज इतक्या वर्षांनी ते कोपर तिला दुखल्यासारखं झालं.

तिनं ताईला फोन लावला.

"कार्डं आली का गं?" ताईनं आनंदानं विचारलं. "कशी झालीत?"

"मागे काय लिहिलंयस?"

"वाचलंस? छान आहे ना? दोन दिवस घोळवत होते मनात."

"एकटीनं?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. ताई काहीतरी ढवळत असावी. "अगं, ते लोकांसाठी. लोकांना एकटी बाई आवडते. दोघी म्हटलं की कारखाना वाटतो. मागच्या वेळी ती मातीची भांडी करणारी नव्हती का आपल्या समोर? तिनं असंच लिहिलं होतं, तिच्याकडे ही झुंबड."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे आहे?"

"काय विचारतेस मुंगे! तू आहेसच की."

तू आहेसच की. फोन ठेवल्यावर ते तीन शब्द तिनं तोंडात घोळवून पाहिले. भिंत असतेच की. नळ असतोच की. नळाला पाणी आलं नाही तरच माणूस त्याच्याकडे बघतो. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं, गठ्ठा दोऱ्यानं बांधून ताईच्या दारात नेऊन टाकावा आणि म्हणावं, घे, बांध एकटीनं. असं वाटलं आणि तिनं अडतिसावं कार्ड बांधलं. मग एकोणचाळिसावं. सकाळी आठला मांडायला जायचं होतं, निळे ट्रे अर्धेच झाले होते, आणि अर्धवट ट्रे तिला बघवत नाही. संध्याकाळी उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरली तेव्हा सहाशे चाळीस कार्डं बांधून झाली होती. आपल्या रागाचा आपल्या हातांवर काहीच अंमल चालत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

सव्वीस वर्षं ती एका इस्पितळाच्या भांडारात होती. तळघरात, जाळीच्या दारामागे. पट्ट्या, सुया, दोरे, नळ्या, हातमोजे. वर मोठमोठे डॉक्टर माणसं वाचवायचे, त्यांना फुलं यायची, मिठाई यायची, बरे झालेले पेशंट त्यांच्या पाया पडायचे. खाली तिच्याकडे फक्त चिठ्ठ्या यायच्या. एकदा एका शस्त्रक्रियेच्या ऐन मध्यावर एका विशिष्ट जाडीचा दोरा संपला, तर ती स्वतः चार मजले जिना धावत गेली होती, कारण लिफ्ट नेमकी अडकली होती. दारातून एक हातमोजा घातलेला हात बाहेर आला, पाकीट घेतलं आणि दार लागलं. तिथे तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. ती नोकरी होती, आणि तिथल्या भिंतीवर कुणी 'हा पेशंट डॉक्टरांनी एकट्यांनी बरा केला' असं लिहून लावलं नव्हतं. शिवाय तिथे तिला एक गोष्ट कळली होती, जी वर कुणालाच कळत नसे. माल बोलतो. कोणत्या वॉर्डात काय चाललंय ते भांडारात बसून समजतं. पट्ट्या जास्त जायला लागल्या, झोपेच्या गोळ्या जास्त जायला लागल्या, की वरच्यांना कळायच्या आधी तिला कळायचं.

ताईचा मालही गेलं वर्षभर बोलत होता. वहीत सरळ दिसत होतं. पूर्वी महिन्याला नव्वद-पंच्याण्णव नग व्हायचे, ते सत्तरांवर आले, मग पन्नासांवर, गेल्या महिन्यात त्रेचाळीस. आणि नुसते कमी नव्हे. पानाचे डूल, ज्यांच्यावर ताईचं सगळं नाव, तांब्याची तार पकडीनं दाबून पानाच्या शिरा काढायच्या, ते जवळजवळ बंदच झाले होते. महिन्याला चार जोड्या, पाच जोड्या. त्याऐवजी ओवायचे दागिने वाढले होते, मण्यांच्या माळा, जिथे अंगठ्यावर जोर येत नाही. "आता मला मणीच आवडायला लागलेत," ताई म्हणायची. खिडकीपाशी बसून ती मधूनच उजवा हात मांडीखाली दाबून धरायची, ऊब घेतल्यासारखा. धाकटी बघायची आणि वहीत आकडा लिहायची. ताई आपणहून सांगत नाही तर आपण कशाला विचारा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ते तिनं कधी ठरवलं हेही तिला आठवत नव्हतं.

प्रदर्शनाचं सभागृह उंच छताचं होतं, वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, आणि त्यात दोनशे स्टॉल. पहिल्या दिवशी गर्दी बरी होती. ताईनं निळी साडी नेसली होती, स्वतःच केलेलं गळ्यातलं घातलं होतं, आणि लोकांशी ती जशी बोलते तशी बोलत होती, जणू समोरची बाई तिला लहानपणापासून ओळखते. धाकटी मागच्या बाजूला, टेबलाच्या कापडाआड ठेवलेल्या ट्रेंमध्ये. एक नग गेला की त्या जागी दुसरा. दुपारी एक बाई आली, एकच डूल घेऊन. दुसरं बसमध्ये पडलं होतं, तीन वर्षांपूर्वी घेतलेले. "याच्या जोडीचं मिळेल का हो?" ताईनं ते हातात घेऊन निरखलं, फिरवलं, हसली. "माझंच आहे ना हे? किती केलेत मी, मलाच आठवत नाही बघा." धाकटीनं वाकून 'एकांड्यांची' डबी काढली, सातवं पाकीट उघडलं आणि अगदी तसंच एक डूल त्या बाईच्या तळहातावर ठेवलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते डूल तिच्या मुलीनं दिलेलं होतं, म्हणाली. तिनं ताईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही जपून ठेवलंत!" ताई म्हणाली, "अहो, त्यात काय." मग मागे मान करून, "ही माझी बहीण. ही जरा मदत करते."

जरा. धाकटी ट्रे घेऊन खाली बसली, आणि बराच वेळ उठली नाही. टेबलाखाली तिला लोकांचे पाय दिसत होते, चपला, बूट, एका लहान मुलीचे उलटसुलट घातलेले मोजे. नऊ वर्षं जरा. शेजारच्या स्टॉलवरची साबणवाली कापड वर करून वाकली आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?" "बरं आहे," ती म्हणाली, "जरा मदत करतेय." साबणवाली काही न समजून हसली. शेवटी धाकटी उठली, ताईला न सांगता सभागृहाबाहेर गेली आणि चहाच्या टपरीपाशी एका बाकावर तासभर बसली. तिची मनोमन खात्री होती की तिकडे आता हाहाकार उडाला असेल. परत आली तर तसलं काही नव्हतं. ताई मजेत होती, अकरा नग गेले होते, एकही कुठे लिहिलेला नव्हता, आणि एका बाईला दोन वेगवेगळ्या जोड्यांमधलं एकेक डूल देऊन टाकलं होतं. "तिला तसंच आवडलं गं," ताई म्हणाली, "म्हणाली, आता अशीच फॅशन आहे." धाकटीनं उरलेली दोन एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. एक पान, एक थेंब. तिला रडू यायला हवं होतं, पण तिनं नुसतं एकांड्यांच्या डबीचं झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, एक दुकानवाली आली. उंच, कापलेले पांढरे केस, हातात छोटी वही. आपली तीन दुकानं आहेत म्हणाली. ताईच्या प्रत्येक नगासमोर थांबून बघत होती, हातही न लावता, आणि ज्याला बघता येतं अशा माणसानं बघितलं की ताई गप्प होते, तशी आताही झाली होती. शेवटी दुकानवालीनं पानाचे डूल उचलले. "हे. हे मी कुठेच पाहिले नाहीत. दीडशे जोड्या हव्यात, सहा आठवड्यांत. होतील?"

ताईचा चेहरा असा उजळला की धाकटीला क्षणभर आपला राग विसरायला झालं. "होतील की!" ताई म्हणाली, आणि सवयीनं, अगदी नऊ वर्षांच्या सवयीनं, वळून न बघता हात मागे केला. "मुंगे, सांग गं, आत्ता किती आहेत? आणि तार पुरेल ना?"

धाकटीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"मुंगे?"

"मला काय विचारतेस?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला, साबणवालीनं मान वळवली. "कार्डावर लिहिलंय ना. वाच."

ताईनं वळून पाहिलं. दुकानवालीनं डुलाचं कार्ड उलटं करून वाचलं, आणि या दोघींकडे पाहिलं. ताई हसल्यासारखं करत म्हणाली, "शिल्लक... वीसेक असतील. बाकीचे करून देते मी. दीडशे म्हणजे काही फार नाहीत." आणि हे म्हणताना तिचा उजवा हात टेबलाच्या कापडाखाली गेला. दुकानवाली लिहायला लागली. धाकटीला पेनाचा आवाज ऐकू येत होता. वीसेक नव्हते, नऊ होते. म्हणजे एकशे एक्केचाळीस. तिनं मनात महिन्याला पाचनं भागून पाहिलं, आणि तिला खिडकीपाशी बसलेली ताई दिसली, मांडीखाली हात दाबून, सहा आठवडे, सकाळी दहा ते चार, पकड, दाब, पकड, दाब. बस म्हणावं. होऊ दे. एकटीचं आहे ना, एकटीनं भोगावं. तिनं ओठ घट्ट मिटले. असं बरं वाटलं तिला, खरंच बरं वाटलं, साधारण दोन ओळी लिहून होईपर्यंत.

"नऊ आहेत," ती म्हणाली. "आणि पुढच्या सहा महिन्यांत फार तर तीस होतील. चाळीसच्या वर एक जोडी जाणार नाही."

पेन थांबलं. "तुम्ही कोण?" दुकानवालीनं विचारलं.

"माझी बहीण," ताई घाईनं म्हणाली, "ती जरा..."

"जरा नाही," धाकटी म्हणाली. "माल मी सांभाळते. सगळा. नऊ वर्षं. ती घडवते आणि मी सांभाळते. आणि ती खिडकी माझी आहे."

खिडकीचं दुकानवालीला काही कळलं नसावं. तिनं वहीतली ओळ खोडली. तोंड वाकडं केलं नाही, उलट सभ्यपणे म्हणाली की चाळिसात तीन दुकानांचं भागणार नाही, पण काम सुंदर आहे, कधी जास्त करता आलं तर कळवा. तिनं डूल परत जागेवर ठेवले, अगदी होते तसे, पान पानाला समांतर, आणि गर्दीत निघून गेली.

ताई हळू, दात आवळून म्हणाली, "घालवलंस."

"घालवलं."

"नऊ वर्षांत असं कोणी आलं नव्हतं. नऊ वर्षांत! आणि तू, एका ओळीसाठी, एका छापील ओळीसाठी..."

"ओळीसाठी नाही. हात दाखव."

"काय?"

"हात दाखव तुझा. तो, खाली घेतलेला."

ताईनं हात काढला नाही. समोर एक जोडपं ब्रोच बघत होतं, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती जवळ सरकली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मालानं सांगितलं. गेल्या वर्षापासून सांगतोय. पानं बंद झाली, माळा वाढल्या. वहीत सगळं आहे."

"गेल्या वर्षापासून?" ताईचा आवाज बदलला. त्यात आता भांडणाऱ्या बाईचा आवाज नव्हता, दुसराच कसलासा होता. "तुला वर्षभर माहीत होतं? मी तुझ्यासमोर बसून, रोज, तुझ्यापासून लपवत, आणि तू मागे बसून मोजत होतीस? मला मोजत होतीस? एका शब्दानं विचारावंसं नाही वाटलं तुला, ताई, तुझा हात दुखतोय का?"

धाकटीपाशी यावर उत्तर होतं. ती म्हणू शकली असती की तू कधी सांगितलंस, तू कधी मला काही सांगतेस, तुझ्या लेखी मी आहेच की. हे सगळं तिच्या जिभेवर तयार होतं, ट्रेमध्ये लावल्यासारखं. पण ताईचे डोळे रागानं भरले होते, आणि तो राग खरा होता, तिच्या स्वतःच्या रागाइतकाच खरा, हे धाकटीला दिसलं आणि मुळीच आवडलं नाही. आपण एवढ्या रास्त कारणासाठी रागावलो असताना समोरच्यानंही रास्त असावं, हा काय अन्याय. वर्षभर ती त्या आकड्यांकडे बघत होती. बघताना तिला काळजी वाटली होती, हो, पण त्याखाली आणखी एक बारीकसं काहीतरी वाटलं होतं, की हे फक्त मला माहीत आहे. तेवढं एक तिचं एकटीचं होतं. ते तिला सोडवत नव्हतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

ब्रोच बघणारं जोडपं काही न घेता पुढे गेलं. ताईनं हात वर काढला आणि टेबलावर ठेवला, गळ्यातल्यांच्या आणि कानातल्यांच्या मधोमध. अंगठ्याचं मूळ सुजून टेंगळासारखं वर आलं होतं, कातडी ताणून चकचकीत झाली होती. धाकटीनं तो हात उचलला. तो गरम होता, आणि तिला वाटला होता त्यापेक्षा हलका. अंगठा तिनं जरासा बाजूला केला तशी ताईनं श्वास आत ओढला, पण हात सोडवून घेतला नाही.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे," धाकटी म्हणाली. "मी येते नऊला. मी काही नुसती कोपर घेऊन उभी राहणार नाही, आत येणार आहे. मलाच विचारावं लागेल त्यांना, तू खोटं सांगशील."

"बरं."

"आणि ही कार्डं सगळी काढायची. नवीन छापायची. काय लिहायचं ते मी बघेन."

"अगं, सहाशे चाळीस कार्डं आहेत," ताई म्हणाली. "आधी अंगठ्याचं तर होऊ दे. आधी डॉक्टर, मग सावकाश..."

धाकटीनं हात सोडला नाही, पण कात्री उचलली आणि दुसऱ्या हातानं पहिल्या डुलाचा दोरा कापला.

"आधी कार्डं," ती म्हणाली.